नवव्या फेरीचा निकाल

मोटारींच्या शर्यतीत एक गाडी अशी असते, जी सगळ्यांच्या पुढे धावते आणि कधीच जिंकत नाही. ती गाडी मी सात वर्षं चालवली. घरात याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "एवढं म्होरं राहून बी नंबर येत न्हाई म्हंजी काय? जरा जोरात चालवावं माणसानं." त्यांना समजावण्यात माझी अर्धी सुट्टी गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजी तू लग्नातल्या वाजंत्र्यावानी. वरात तुज्या मागं, पर लगीन दुसऱ्याचं." मला यापेक्षा चांगली व्याख्या अजून सुचलेली नाही.

माझा मूळ धंदा साताऱ्यात मोटार शिकवण्याचा. क्लच हळू सोडा, आरसा बघा, पुढच्या रिक्षावाल्याला मनातल्या मनात शिव्या द्या. वीस वर्षं हेच बोलतेय. सासर रहिमतपूरचं. तिथं ऊस, आणि माझे थोरले दीर, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. आप्पा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या घाटांत ट्रक चालवून हवालदार होऊन परत आले. मला गाडी त्यांनीच शिकवली, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, उसाच्या रानातल्या रस्त्यावर, एका जुन्या जीपवर. थोरल्या दिरासमोर आधी पदर सावरायचा की गिअर टाकायचा, या पेचात मी जीप दोनदा बांधावर चढवली. ते शांतपणे म्हणाले, "पदराचं मागनं बघू. आदी क्लच सोड."

पेन्शनीत आल्यावर आप्पांना शर्यतीचं वेड लागलं. आटपाडीच्या बाजूला एका उजाड माळावर आमच्या भागातल्या हौशी लोकांच्या क्लबनं मातीचा गोल रस्ता केला होता. एक फेरी साधारण दीड मिनिटाची. जुन्या छोट्या गाड्या घ्यायच्या, आतल्या गाद्या काढून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि पळवायच्या. किराणावाले, शिक्षक, गॅरेजवाले, एक दातांचे डॉक्टर, असे सगळे. आप्पा त्यांच्यात वयानं मोठे. मी डबा घेऊन बघायला जायची.

तिथली सेफ्टी कार चालवायला एक उतावळा गडी होता. सेफ्टी कारचं काम असं: शर्यत चालू असताना कुठं गाडी बंद पडली, तेल सांडलं, टायर सुटून रस्त्यात आला, म्हणजे भानगड आहे पण शर्यत मोडावी इतकी नाही, तेव्हा डोक्यावर पिवळा दिवा लावून ही गाडी रस्त्यावर येते. सगळ्यांनी तिच्या मागं रांग लावायची. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. फेऱ्या मात्र मोजल्या जातात. रस्ता साफ झाला की दिवा विझतो, सेफ्टी कार बाजूला होते आणि शर्यत पुन्हा सुरू. हा गडी दिवा लावून इतका सुसाट सुटायचा, की मागच्यांना त्याला गाठता येईना. एकदा तोच चिखलात रुतला आणि त्याला काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. तेव्हा क्लबचे अध्यक्ष आप्पांना म्हणाले, "कुणी सावकाश चालवणारं माणूस आहे का हो ओळखीचं?" आप्पांनी मान न वळवता माझ्याकडे अंगठा केला.

वेगात चालवता येत नाही म्हणून मोटार रेसिंगमध्ये शिरलेली मी बहुधा एकटीच.

सुरुवातीला फार सावकाश गेले. मागची इंजिनं तापली. सांगलीचे शिरीष, हार्डवेअरचं दुकान असलेले, अतिशय सभ्य गृहस्थ, शर्यत संपल्यावर येऊन म्हणाले, "मॅडम, एक विचारू? दुसरा गिअर मोडलाय का तिसरा सापडत नाही?" त्यानंतर शिकले. सेफ्टी कारला सावकाश दिसायचं असतं, पण सावकाश जायचं नसतं.

माझी सगळ्यात गाजलेली चूक दिव्याची. आत वळण्याआधीच्या फेरीत दिवा विझवायचा, म्हणजे मागच्यांना कळतं की आता ही जाणार, आपण तयार राहायचं. मी एकदा तो विझवायला विसरले आणि तशीच आत वळले. पुढच्या गाडीला वाटलं, सगळ्यांनाच आत बोलावलंय. ती वळली. तिच्या मागची वळली. बाराच्या बारा गाड्या माझ्यामागून शिस्तीत आत आल्या आणि चहाच्या टपरीसमोर ओळीनं उभ्या राहिल्या. टपरीवाल्यानं पातेलं गॅसवर चढवलं आणि मला विचारलं, "समद्यास्नी साखरेचा का?"

आणखी एकदा जतकडून आलेला एक मेंढपाळ भर शर्यतीत कळप घेऊन रस्ता ओलांडायला लागला. मी दिवा लावून निघाले. कळप मधेच विचार बदलून रस्त्यानंच चालायला लागला. माझ्यापुढं दोनशे मेंढरं, मागं बारा गाड्या. मी हॉर्नवर हात ठेवला तसा तो म्हणाला, "आवं ताई, वाजवू नगा. बुजत्यात ती." मग अर्धी फेरी आम्ही सगळे मेंढरांच्या मागून गेलो. त्या दिवशी कळलं, माझ्या मागच्यांना कसं वाटत असेल ते.

सात वर्षांनी क्लबनं मला वर बसवलं. शर्यत सोडणं, सेफ्टी कार पाठवणं, लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवणं, हे सगळं ज्याच्या हातात असतं त्याला क्लार्क ऑफ द कोर्स म्हणतात. सासूबाईंनी तेवढंच ऐकलं. "एवढी गाडी चालवून शेवटाला क्लार्कच झालीस," म्हणाल्या. माझं ऑफिस म्हणजे उसाची एक ट्रॉली, वर ताडपत्री, एक टेबल, एक लाकडी खुर्ची, एक वॉकीटॉकी. तिथून पहिलं वळण दिसायचं, बाभळीचं. पुढचं बांधाचं वळण उंचवट्याआड. तिथं आमचे दगडूनाना उभे असायचे.

दगडूनाना बैलगाडी शर्यतीतले जुने झेंडा पंच. आमच्या भागात त्यांच्या हातातला झेंडा पडल्याशिवाय गाडा हलत नसे. त्यांना पिवळा, हिरवा, लाल असे तीन झेंडे दिले तेव्हा ते म्हणाले, "एका झेंड्यात समदं भागत हुतं की." पण माणूस खमका. एकदा सांगितलं की पक्कं. पिवळा म्हणजे पुढं धोका, हळू, ओलांडायचं नाही. लाल म्हणजे शर्यत बंद, जागच्या जागी सावकाश थांबा. आणि लाल मी सांगितल्याशिवाय काढायचा नाही, कारण लाल झेंड्याला मागं-पुढं फार असतं.

ते मागं-पुढं इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाल झेंडा पडला की जी फेरी चालू असते ती धरतच नाहीत. निकाल मागच्या पूर्ण फेरीचा. आणि शर्यतीचा तीन चतुर्थांश भाग उरकला असेल तर ती पुन्हा सोडतही नाहीत, तिथंच संपली. सेफ्टी कारमध्ये तसं नाही. ज्यानं ज्याला ओलांडलं ते ओलांडलं, फेऱ्या पुढं मोजत राहायच्या. म्हणजे एकाच अपघातात मी दिवा लावला तर एक माणूस जिंकतो आणि झेंडा दाखवला तर दुसरा. त्या खुर्चीवर सुखानं बसता येत नाही, ते यामुळे.

आप्पा ओळीनं तीन वर्षं हंगामाच्या यादीत दुसरे आले होते. तिन्ही वर्षं पहिले शिरीष. चौथ्या वर्षी शेवटची शर्यत उरली तेव्हा हिशेब अगदी सोपा होता, ती जो जिंकेल त्याचा हंगाम. आप्पांच्या गुडघ्यानं साथ सोडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या हंगामानंतर शर्यतीसाठी फिटनेसचा कागद मी देणार नाही. म्हणजे ही शेवटची.

मी अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, या शर्यतीला खुर्चीत दुसरं कुणी बसवा, माझे दीर आहेत. ते हसले. "ताई, तुम्ही तुमच्या दिरांना आजवर दोनदा दंड केलाय. एवढा दंड दुसऱ्या कुणाला केलेला नाही. शिरीषरावांनाच विचारा." शिरीष म्हणाले, "मॅडमच हव्यात." दुसऱ्या दंडानंतर आप्पा घरात आठ दिवस माझ्याशी 'मॅडम, भाजी वाढा' असं बोलत होते, हे त्यांना कुठं माहीत.

शर्यत बारा फेऱ्यांची, दुपारची. त्या वर्षी रस्त्यावर पाणी कमी मारलं होतं. आधीच्या महिन्यात गावातल्या एका बाईनं मला विचारलं होतं, "आमच्या हौदाला टँकर चौथ्या दिवशी येतोय, तुमच्या मातीला रोज कसा?" मी ते तसंच क्लबला जाऊन सांगितलं. क्लबनं टँकरची एक खेप गावाला देऊन टाकली. योग्यच केलं. पण दुपारपर्यंत धुरळा असा उठला, की गाड्या दिसायच्या बंद होऊन नुसते ढग पळताना दिसायला लागले.

नऊ फेऱ्या शिरीष पुढं, आप्पा त्यांच्या मागं. नववी संपत आली तेव्हा वॉकीटॉकीत दगडूनाना बोलले.

"ताई, शिंदे सरांची गाडी पालथी झाली. चाकं वर हायत."

शिंदे सर विट्याचे, शाळेत इंग्रजी शिकवणारे. त्यांची गाडी नेहमी शेवटी असे, आणि त्या वेळी तर सगळ्यांपेक्षा फेरीभर मागं.

"सर कसे आहेत?"

"आत हायत. बोलत्यात."

"काय बोलतायत?"

"इंग्रजी बोलत्यात."

म्हटलं, बरे आहेत. "पिवळा दाखवा," मी सांगितलं, आणि सेफ्टी कारला इंजिन चालू करायला. हे सगळं नेहमीचं होतं. तेवढ्यात शिरीष आणि आप्पा माझ्या समोरून दहाव्या फेरीत गेले, आणि बाभळीच्या वळणावर आप्पांनी ते केलं. शिरीष थोडे बाहेर गेले, गाडीभर जागा झाली, आणि आप्पांनी आतल्या अंगानं गाडी घातली. बाभळीपाशी झेंडा कसलाच नव्हता, पिवळा पुढं बांधाला होता. ओलांडणं चोख होतं. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत आप्पा चार वर्षांत पहिल्यांदा शिरीषांच्या पुढं गेले. माळावर जो आवाज उठला तो मी अजून विसरले नाही.

त्या आवाजातच दगडूनानांचा आवाज आला. "ताई, माणसं आत आली."

"किती?"

"समदीच."

बैलगाडीची शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे कळायला थोडं अवघड आहे. गाडा उलटला की आमच्याकडे माणसं जागेवर बसत नाहीत. बैल जोखडात अडकलेला असतो, गाडीवान खाली असतो, मग जो जवळ असेल तो दोरी ओलांडून धावतो. न धावणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही. आणि त्यात धोकाही नसतो, कारण गाडे सरळ पळतात, एकदा गेले की गेले, परत त्या जागी येत नाहीत. आमची शर्यत गोल होती. आमच्या गाड्या परत येतात. हे आम्ही ड्रायव्हरांना सांगितलं, झेंडेवाल्यांना सांगितलं, अँब्युलन्सवाल्याला सांगितलं. प्रेक्षकांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. शंभर-दीडशे चांगली माणसं शिंदे सरांना वाचवायला रस्त्यावर उतरली, उंचवट्याआड, धुरळ्यात.

सेफ्टी कार अजून आतच होती. पुढचे दोघे तिला सापडण्यापलीकडे गेले होते. ती पुढच्या फेरीला उपयोगी पडली असती, या फेरीला नाही.

मी एक गोष्ट कबूल करते. एक विचार आला. पिवळा आहेच, आप्पा फौजेतले ड्रायव्हर, पिवळ्यावर हळू होतीलच, गर्दी तोवर पांगेल, पुढच्या फेरीला सेफ्टी कार सगळ्यांना गोळा करेल, आणि आप्पा पुढंच राहतील. हे सगळं एका सेकंदात आलं आणि गेलं. तो सेकंद माझा होता, त्याचं खापर मी कुणावर फोडणार नाही.

मग मी बटण दाबून म्हटलं, "लाल. सगळीकडे लाल. शर्यत बंद."

दगडूनानांनी पुढं जे केलं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. धुरळ्यात आपला झेंडा दिसणार नाही हे ओळखून, सत्तरीला टेकलेला तो माणूस लाल झेंडा घेऊन गाड्या येतात त्या दिशेनं, रस्त्याच्या कडेनं, पन्नास पावलं उलटा पळत गेला आणि उंचवट्यावर उभा राहिला. पहिली गाडी त्यांच्यापासून चार हातांवर थांबली. ती आप्पांची. तिच्या मागं शिरीष, आणि मग बाकीचे एकेक.

शिंदे सरांची गाडी लोकांनी नुसत्या हातांनी दोन मिनिटांत सरळ केली. अँब्युलन्ससोबतचे डॉक्टर ओरडत होते की आत माणूस आहे, हलवू नका, पण ऐकतंय कोण. नशीब चांगलं म्हणून सरांचं फक्त गळपट्टीचं हाड मोडलं. त्यांना अँब्युलन्समध्ये ठेवलं तेव्हा सगळ्या माळानं टाळ्या वाजवल्या.

आणि मी निकाल लिहिला. बारातल्या नऊ फेऱ्या पूर्ण, म्हणजे शर्यत पुन्हा सुटणार नाही. निकाल नवव्या फेरीचा. पहिले शिरीष, दुसरे आप्पा. माझं अक्षर एरवीही चांगलं नाही. त्या कागदावरचं मलाच वाचवेना.

निकाल लागल्यापासून अर्ध्या तासात लेखी तक्रार करता येते. तीन जणांची समिती तिच्यावर निर्णय देते. अट एकच, खाली ड्रायव्हरची स्वतःची सही हवी. वीस मिनिटांनी बाबू मिस्त्री ट्रॉलीपाशी आला. बाबू रहिमतपूरचाच, आप्पांची गाडी तोच बांधायचा. त्यांच्या यशात निम्मा वाटा त्याचा, आणि रागात सगळा.

"वैनी, घरच्या माणसानं असं करावं व्हय?" त्यानं कागद टेबलावर आपटला. "दोन मिंटात गाडी उचलली. दोन मिंटात. तेवढ्याला लाल झेंडा? सेफ्टी कार हुती की हुबी. आप्पा म्होरं गेल्यालं साऱ्या माळानं बघितलंय."

कागद चांगला लिहिला होता. कुणाकडून तरी लिहून घेतला असावा. वेळा दिल्या होत्या, नियमाचा आकडा दिला होता. दोन मिनिटांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी समितीत असते तर मला विचार करावा लागला असता. मी म्हटलं, "सही आप्पांची लागेल. माझ्या दाराशी भांडून उपयोग नाही."

"आणतो की."

आणायची गरज पडली नाही. आप्पा हेल्मेट काखेत घेऊन, गुडघा धरत, स्वतःच येत होते. भुवयांपासून मिशांपर्यंत सगळे मातीचे. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, चष्मा नव्हता तरी सगळा वाचला. बाबूनं खिशातलं पेन काढून पुढं केलं. ते त्यांनी घेतलं. माझ्याकडे बघून विचारलं,

"मास्तरीणबाई, झेंडा कवा सांगितलास?"

"माणसं रस्त्यावर आली तेव्हा."

"लगीच?"

"एक सेकंद गेला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सेकंद कशात गेला ते विचारलं नाही. "किती हुती माणसं?"

"शंभरच्या वर."

आप्पा म्हणाले, "मला एक बी दिसलं न्हाई."

"आवं आप्पा, कसं दिसंल," बाबू म्हणाला. "धुरळा किती हुता. दगडूनानाच्या म्होरं तर काय बी दिसत नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. पिवळा बी दिसला न्हाई. मी तिसऱ्या गिअरवर, पाय दाबून. मला म्हातारा दिसला अन् लाल झेंडा दिसला, बस." मग त्यांनी बाबूकडे नीट बघितलं. त्याच्या शर्टाची बाही खांद्यापासून उसवली होती आणि दोन्ही तळव्यांवर पत्र्यानं कापल्याचे ओरखडे होते. "तू कुठं हुतास रं तवा?"

बाबूनं हात पाठीमागं घेतले.

"इचारतोय मी. कुठं हुतास?"

"सरांची गाडी उचलत हुतो," बाबू म्हणाला.

"कंच्या बाजूला?"

"अलीकडच्या."

अलीकडची बाजू म्हणजे गाड्या येतात ती.

आप्पांनी पेनाचं टोपण काढलं, कागद टेबलावर सरळ केला आणि म्हणाले, "बरं. आता सांग, सही कुठं करू?"

बाबूनं कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि उसवलेल्या शर्टाच्या खिशात ठेवला. पेन मात्र आप्पांकडेच राहिलं. ते म्हणाले, "चल, गाडी ट्रेलरवर चढवू. म्हशींच्या धारा काढायच्यात."

आप्पा त्यानंतर शर्यतीत उतरले नाहीत. गुडघ्याचे डॉक्टर आपल्या शब्दावर ठाम राहिले. यादीत त्यांचं नाव चार वर्षं दुसरं आहे, आणि चौथ्या वेळचं माझ्या हातचं. मला त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. पुन्हा तीच वेळ आली तर काय करीन? तेच, फक्त तो सेकंद घालवणार नाही.

आता प्रत्येक शर्यतीआधी प्रेक्षकांना सूचना द्यायची असा आमच्याकडे नियम आहे. मी तीन वेळा दिली, माइकवरून, व्यवस्थित भाषेत. कुणी ऐकलं नाही. मग हे काम आप्पांनी मागून घेतलं. ते बांधाच्या वळणापाशी प्रेक्षकांतच, दोरीमागं खुर्ची टाकून बसतात, आणि गाड्या सुटायच्या आधी एकदा उठून उभे राहतात.

"ऐका रं," ते म्हणतात. "गाडी पालथी झाली तर बूड हलवायचं न्हाई. उचलायला आमची माणसं हायत. तुमी आत आलासा की शर्यत बंद, अन् निकाल मागच्या फेरीचा. मी असाच दोन नंबर झालोय. तवा आत आल्याली माणसं आज हितंच बसल्यात, ओळखतो मी एकेकाला. समदी धडधाकट हायत. खाली बसा."

आणि बसतात.